रॉनचे हात आणि माझी काडतुसं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. — आणि पहिल्याच वाक्यात चुकलो बघा. नीलाला, माझ्या बायकोला, सगळं ठाऊक आहे. तर तिच्याखेरीज कुणालाही नाही.

इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या शूटिंग क्लबात मी काडतुसांचा जाणकार. या देशात पिस्तुलं बंद झालेली. आम्ही पिस्तुलाचीच काडतुसं लीव्हरच्या, म्हणजे खालची दांडी हलवून काडतूस आत सरकवायच्या, रायफलीतून झाडायचो, आणि माझी रिकामी झालेली मी गॅरेजमध्ये पुन्हा भरायचो. काडतुसाची लांबी कशी निवडावी यावर क्लबात तासभर बोललोही होतो. चहा शेवटी होता म्हणून लोक थांबले, ते सोडा.

रॉन म्हणजे सत्तरीतला रिटायर्ड बसड्रायव्हर. मला नेम धरायला त्यानंच शिकवलं. स्प्रिंगच्या मॅचला मी त्याला माझी काडतुसं दिली. माझ्या रायफलीत ती सुरेख चालायची. त्याच्या रायफलीत घालून पाहिली होती? — नव्हती. तीनदा अडकली. रॉन शेवटचा आला. अडकलेलं काडतूस मीच काढलं, आणि बघताक्षणी कळलं. लांब होतं. केसभर, पण लांब.

रॉन स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाला, "हात गेले माझे. आता सोडतो हे."

मी काय म्हणालो असेन? —

"वय होतं, रॉन."

झालं. हेच सांगायचं होतं. तासभर भाषण दिलेल्या माणसाला एक वाक्य बोलवलं नाही.

घरी नीलाला सांगितलं. ती म्हणाली, "शिंप्याला आपण मापाचं ब्लाऊज देतो ना? तुम्ही तुमच्या मापाचं त्यांना घातलंत."

मग मी मापाची काडतुसं केली. आत दारू नाही, ठिणगीची टोपी नाही, नुसती लांबी. पण ती रॉनच्या रायफलीत घालायची कोणत्या तोंडानं? सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेलं गुडघ्याचं तेल होतं. ते रॉनला दिलं. रोज बोटांना चोळ, म्हटलं, आणि शनिवारी ही पोकळ काडतुसं घालून लीव्हर हलव, व्यायाम म्हणून. दर शनिवारी मी लांबी किंचित कमी करायचो, पुस्तकातल्या मर्यादेत राहून. फार आखूड झालं तर आतला दाब धोक्याचा होतो. तिसऱ्या शनिवारी लीव्हर लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. रॉन म्हणाला, सासूचं तेल लागू पडलं.

आणि ऑटमची मॅच! त्याच मापाची खरी काडतुसं मी त्याला भरून दिली होती; एकदाही अडकली नाहीत. शेवटची गोळी मधोमध, आणि कप रॉनचा. दोन्ही हात वर करून तो सगळ्यांना दाखवत होता — कप नव्हे, हात. सगळ्यात मोठ्यानं मी ओरडलो. लेकीच्या ग्रॅज्युएशनलाही इतका फुगलो नव्हतो. भाषणात त्यानं माझ्या सासूबाईंचे आभार मानले. मी मान लववून ते स्वीकारले.

चार वर्षं झाली. रॉन अजून क्लबात पहिला येतो, अजून तेल चोळतो, नव्या मेंबरांना सांगतो की त्याचे हात एकदा गेले होते. गेले नव्हते. कधीच गेले नव्हते.

हे सगळं काल नीलाला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढून पुसला.

"छान लिहिलंय," ती म्हणाली. "रॉनला वाचता येऊ नये म्हणून मराठीत लिहिलंत ना?"