मागच्या सीटवरची बाई

युनिव्हर्सिटीत असताना मैत्रिणीच्या डोहाळजेवणासाठी आम्ही मेलबर्नमध्ये एक जुनी लाकडी ट्राम भाड्याने घेतली होती. ट्रामच्या म्हाताऱ्या कंडक्टरला सारखी टोपी सरळ करायची सवय. एका निर्मनुष्य स्टॉपवर त्याने ट्राम थांबवली, कुणाला तरी चढायला मदत करावी तसा हात पुढे केला आणि घंटी वाजवली. आम्ही खूप हसलो.

मी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तर तो हळूच म्हणाला, "मागच्या लेडीचं राहिलं, डिअर."

मागची सीट रिकामी होती. तरी मैत्रीण पोट सावरत उठली. "आलेल्या बाईला तसंच पाठवू नये गं," म्हणत तिने हवेतच, कपाळाच्या उंचीवर, कुंकवाचं बोट टेकवलं. बोट मागे आलं ते कोरं.

पुढच्या स्टॉपवर कंडक्टरने पुन्हा हात पुढे केला, या वेळी उतरायला मदत करावी तसा. आम्ही सगळ्याजणी वाट सोडून उभ्या राहिलो.