शेवटच्या तासाचं कुलूप

हे कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही — देवापुढं आठवलं तरी मी घाईघाईनं आरती सुरू करायचे. परवा नात म्हणाली, "आजी, मी न्हाई, ॲपनं केलं," आणि मी तिच्यावर अशी खेकसले की पोरगी बावरली. तिचा काय दोष? ते वाक्य माझं आहे. लई जुनं.

नांदेडच्या एका शाळेत मी पर्यवेक्षिका होते. वेळापत्रक माझ्याकडं. म्हणजे काय, ते एखाद्या शिक्षकालाच विचारा — जून आला की माझ्या टेबलावर अर्धापूरची केळी यायची, न मागता चहा यायचा, "बाई, तेवढा शेवटचा तास नको" अशी आर्जवं यायची. आणि मी? पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या सरकवत बसायचे, जशी काही जहागिरीच वाटून राहिले. आज ती बाई समोर आली तर त्याच पुठ्ठ्यानं बदडीन तिला.

मग एका जूनमध्ये शाळेनं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर घेतलं. मला ते शिकवायला मुख्याध्यापकांनी नसीमला बसवलं. गणिताची तरुण शिक्षिका, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली, हिमायतनगरहून रोज ये-जा करणारी. तिनं बटण दाबलं आणि सगळ्या शाळेचं वेळापत्रक पडद्यावर हजर. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "बाई, इतक्यासाठी तुम्ही महिनाभर बसायच्या?"

स्टाफरूम हसली. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो — दात बाहेर, आणि आत नुसती आग.

तास हलू नये म्हणून त्यावर कुलपाचं चिन्ह कसं लावायचं, हेही तिनंच शिकवलं. स्वतःसाठी एकच मागितलं — शेवटचा तास नको, म्हणजे साडेचारची बस मिळेल. घरी तान्हं लेकरू हाय. सगळे गेल्यावर मी काय केलं? सांगते — रोजचा शेवटचा तास तिच्या नावावर टाकला. आणि वर कुलूप लावलं. पासवर्ड फक्त माझ्याकडं होता.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. "मशीननं लावलं गं," मी म्हटलं. "त्याला काय कळतंय, कुणाचं लेकरू कुठं हाय?"

"हाव. मशीनवर काय रागवायचं," ती म्हणाली.

पुढची बस तिला अंधारातच घरी पोचवायची. दुपारच्या मोकळ्या तासाला ती प्रयोगशाळेत दार लोटून बसायची. एकदा मी नकाशा आणायला तिकडं गेले. ती पाठमोरी होती, बेसिनवर वाकलेली — दूध पिळून टाकत होती. आवाज नको म्हणून नळ सोडलेला. मी दोन लेकरांची आई. छाती भरली की कशी ठणकते, हे मला कुणी समजावून सांगायला हवं होतं? मी दार हळूच ओढून घेतलं — रीतभात बघा माझी — आणि कुलूप होतं तसं ठेवलं.

दिवाळीनंतर तीच माझ्याकडं आली. "बाई, पोरगं आता अंगावरचं पीत न्हाई. बाटलीच मागतं. शेवटचा तास कायमचा दिला तरी चालतंय."

तेव्हा कुठं मी कुलूप काढलं. बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात तिचा शेवटचा तास रोजचा मोकळा झाला, कुणाचीही अडचण न होता. जूनमध्येही झाला असता. मग लाजेनं मेले का मी? न्हाई. नवा कागद तिच्या हातात देत म्हणाले, "बघ, मशीनला दया आली."

तिनं कागद पाहिला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "मशीनला कशाची दया, बाई. तुम्हीच बसून केलं असंल. शुक्रिया."

मी म्हटलं, "अगं, त्यात काय."