उजव्या पायाचा गुरुवार

आमच्या देवाला पहिल्यापासून संगत वाईट. जन्मला गोठ्यात. पहिले पाहुणे मेंढपाळ. पुढे मित्र जोडले ते मासे मारणारे, त्यातच एक जकातवाला, आणि जिच्याशी गावातल्या बायका बोलत नसत तिच्याशी हा भरदुपारी विहिरीवर गप्पा मारत बसलेला. महारोगी दिसला की लोक लांब पळायचे, हा नेमका जवळ जायचा. चांगल्या घरच्या, नियमाने वागणाऱ्या माणसांना मात्र शुभवर्तमानभर बोलणीच खावी लागतात. माझ्या वडिलांसारख्या माणसाचं त्याच्याशी जमलं कसं, हे मला अजून उलगडलेलं नाही. असा कोणी आमच्या वाडीत आला असता तर वडिलांनी त्याला ओटीवर चढू दिलं नसतं.

वडील आमच्या कपेलाचे, म्हणजे वाडीतल्या छोट्या चर्चचे, कारभारी. चावी त्यांच्याकडे, घंटेची दोरी त्यांच्या हातात, आणि पाय धुवायला कोण बसणार हेही तेच ठरवणार. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा पुरुषांचे पाय धुतात, कारण येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या शिष्यांचे धुतले होते. आमच्याकडे एकच पाय धुतात, उजवा. त्यामुळे त्या दिवशी वाडीतल्या बारा घरांत दुपारपासून उजवे पाय घासायचं काम चालतं. देवाच्या दारात मळका पाय कसा न्यायचा? वडील न्हाणीतल्या दगडावर बसून वजरीने टाच घासायचे, मग साबण, मग खोबरेल, मग तेलाने फादरचा हात घसरेल म्हणून पुन्हा साबण. डावा पाय वर्षभर असतो तसाच. आई दरवर्षी विचारायची, “डावो पाय दुसऱ्या कोणाचो काय?”

म्हणजे फादर गुडघे टेकून जे धुतात ते आधीच धुतलेलं असतं. येशूच्या शिष्यांना ही सोय सुचली नव्हती.

माझे थोरले काका, वडिलांचे सख्खे भाऊ, आमच्याच घरात मागच्या पडवीत राहतात. तरुणपणी त्यांना हत्तीपाय झाला, तोही उजवाच. गुडघ्याखाली तो पाय उखळाएवढा आहे, कातडी जाड आणि घड्याघड्यांची. हा रोग शिवल्याने होत नाही, डासाने होतो, हे डॉक्टर सांगून गेले. वाडीने ते मान डोलावून ऐकलं आणि बाक बदलला. तेव्हापासून काका कपेलाच्या व्हरांड्यात पायरीवर बसून मिस्सा, म्हणजे आतली उपासना, ऐकायचे. कोणी विचारलं तर वडील सांगायचे, “तेका थंय वारो बरो लागता.” मला बघायला पाहुणे यायचे तेव्हा काकांना काजूच्या बागेत पाठवलं जायचं, आणि पाहुण्यांचा चहा संपला की त्यांना हाक मारायला मी जायची. वडिलांचा मला तेव्हा राग यायचा. लग्न होऊन सावंतवाडीला गेले तरी तो काही कमी झाला नाही.

काकांनी आयुष्यात एकच गोष्ट मागितली. दरवर्षी त्या गुरुवारच्या आधी ते पडवीतून विचारायचे, “औंदा माका बसयतलंस?”

आणि वडील म्हणायचे, “फुडल्या वर्सा बघया.”

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे फादर आले. घाटावरचे, तरुण, पुस्तकी मराठी बोलणारे. त्यांनी त्या गुरुवारी संध्याकाळी प्रवचन केलं ते त्या महारोग्यावर. येशू त्याला लांबून, नुसत्या शब्दाने बरं करू शकला असता, ते म्हणाले, तरी त्याने आधी हात लावला, कारण त्या माणसाला कित्येक वर्षांत कोणी हात लावला नव्हता. मी ईस्टरसाठी माहेरी आले होते आणि बायकांच्या बाजूला पंख्याखाली डुलक्या घेत होते. बाकीचेही साधारण तेच करत होते. प्रवचन मनावर घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

मग बारा जण पुढे जाऊन बसायची वेळ आली आणि अकराच उठले. बारावा, आमचा शेजारी, दुपारीच सुनेचं बाळंतपण म्हणून गोव्याला गेला होता. मूळ बारांतल्या एकानेही, येशूला पकडून देणाऱ्याने, जेवणातून काढता पाय घेतला होता, तेव्हा परंपरेला धरूनच झालं. वडील मान वळवून कोणी धुतल्या पायाचा मिळतो का बघायला लागले. तेवढ्यात व्हरांड्यातून काठीचा आवाज आला.

काका आत येत होते. त्या पायाने घाईने येता येत नाही, त्यामुळे सगळ्या कपेलाला बघायला भरपूर वेळ मिळाला. ते आले आणि रिकाम्या खुर्चीवर, वडिलांच्या शेजारी, बसले.

वडील ओठ न हलवता म्हणाले, “भायर जा.”

“फादरांनी सांगितल्यानी मां आता.”

“मगे डावो तरी फुडे कर.”

“डावो कित्याक? फादर उजवो धुतत.”

काकांनी लुंगी वर घेतली आणि उजवा पाय पुढे केला. त्या पायात चप्पल मावत नाही. वाटेवरची लाल माती घोट्यापर्यंत बसलेली. पाय घरून धुवून यायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बाहेरच्या पायरीवरून त्यांनी इतकी वर्षं एवढंच ऐकलं होतं, की आत पाय धुतात.

फादर रांगेतून एकेक चकचकीत पाय भिजवत त्यांच्यापर्यंत आले आणि थांबले. हातातलं स्टीलचं तसराळं जेमतेम जेवणाच्या ताटाएवढं. त्यात तो पाय मावणं शक्यच नव्हतं. फादरांनी पायाकडे पाहिलं, तसराळ्याकडे पाहिलं. मागे कोणीतरी खोकलं. वडील मान खाली घालून बसले होते, आणि काकांनी पाय हळूहळू मागे घ्यायला सुरुवात केली होती. तो मागे जाणारा पाय बघून मला रडू आलं.

आई माझ्या शेजारून उठली. आमचं घर कपेलाला लागूनच आहे. ती गेली आणि मागच्या दाराचा निळा टब घेऊन आली, ज्यात ती रोज बांगडे धुते. मधल्या वाटेने येऊन तिने तो काकांच्या पुढ्यात ठेवला. टबाला वास होताच. पण पहिले शिष्य मासे मारणारेच होते, त्यांना चालला असता.

फादर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी उचलून टबात घेतला. धुताना पाणी लाल झालं. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, आमच्याकडे चिखल झाला. त्या संध्याकाळी धुण्यासारखा पाय तो एकच होता. धुवून झाल्यावर फादर वाकले आणि त्यांनी त्या पायाचं चुंबन घेतलं, बाकीच्यांचं घेतलं तसंच. मग हातरुमालाएवढ्या टॉवेलने पुसायला लागले.

“फादर, बोटांच्या मधी सुक्या करा हां,” काका म्हणाले. “नायतर चिघाळता.”

फादरांना ते जमेना. घड्यांमधून बोटं सापडत नव्हती आणि टॉवेल अकरा पायांनी ओला झालेला. तेव्हा वडील उठले. आता ते भावाला दंडाला धरून बाहेर नेणार, असं मला वाटलं. अंगात राग घेऊन मीही अर्धी उठले.

वडिलांनी खांद्यावरचा स्वतःचा पंचा काढला. त्यांचे गुडघे धरलेले असतात. खुर्चीचा हात धरत, कण्हत ते खाली बसले, भावाचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक बोट वेगळं करून पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. फादर तसराळं घेऊन नुसते उभे.

“हळू रे,” काका म्हणाले. “गुदगुल्यो होतत.”

बाकांवर हसू फुटलं. वडील हसले नाहीत. ते रडत होते, आणि पंचा गुंतलेला असल्यामुळे त्यांना डोळे पुसता येत नव्हते.

पुढच्या वर्षी त्या गुरुवारी दुपारी मी माहेरी होते. न्हाणी रिकामी होती. वडील काकांबरोबर काजूच्या बागेतून आले ते अनवाणी, दोघांचेही पाय घोट्यापर्यंत लाल, आणि तसेच कपेलाकडे निघाले. आई दारातून ओरडली, असे पाय घेऊन देवाकडे जातात का म्हणून.

“मगे?” वडील म्हणाले. “धुतलेलो पाय तेका कित्याक व्हयो?”