आठ सेकंदांची नोकरी

“ही बाई महिनाभर आलीच नाही म्हणे,” शेखावतजींनी माझा रिपोर्ट टेबलावर टाकला. हे ते हिंदीत म्हणाले. आमच्या फॅक्टरीत सगळं हिंदीतच चालतं. “तो यह कौन है?”

त्यांनी केबिनच्या काचेतून बोट दाखवलं. पलीकडे पॅकिंगमध्ये कमलादेवी पंख्यांच्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होत्या.

मी रिपोर्टकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि तीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर म्हणालो, “सर, डेटा झूठ नहीं बोलता.”

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या या पंख्यांच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघतो. शेखावतजी आमचे मॅनेजर. महिन्यापूर्वी दारात अंगठ्याची मशीन बसली आणि हजेरीचं मस्टर कपाटात गेलं. मशीन फक्त कोणाचा अंगठा लागला आणि किती वाजता, एवढंच डेटाबेसमध्ये लिहिते. माणूस आला की गेला, हे तिला कळत नाही. ते शोधायला डेटाबेसला नीट प्रश्न विचारावा लागतो. त्याला क्वेरी म्हणतात. ती मी लिहिली होती. पहिला अंगठा म्हणजे आला, दुसरा म्हणजे गेला, तिसरा म्हणजे पुन्हा आला, चौथा म्हणजे पुन्हा गेला. मधल्या वेळांची बेरीज चार तासांहून कमी असेल तर गैरहजर. इतकी सुटसुटीत क्वेरी होती, की घरी बायकोलाही वाचून दाखवली. ती तेव्हा भाजी निवडत होती, आणि नंतरही निवडतच राहिली.

पण कमलादेवींचा मामला साधा नव्हता. चार वाजता मालक कायम होणाऱ्यांच्या यादीवर सही करणार होते. सहा वर्षं कंत्राटावर असलेल्या कमलादेवींचं नाव त्यात होतं, आणि शेवटच्या महिन्याची हजेरी माझ्या रिपोर्टवरून बघायची होती. पुढची यादी कधी निघेल, हे कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

शेखावतजींनी बाईंना आत बोलावलं.

“रोज आती हो?”

“रोज आती हूँ साब. मशीन से पूछ लो.”

“मशीन से ही पूछा है,” मी म्हणालो. आवाजात किंचित विजय होता, हे आज कबूल करतो.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच चष्मा पुसायला घेतला.

“ही अंगठ्याची काही गडबड तर करत नाही ना?” शेखावतजींनी मला हळूच विचारलं. आता एका सरळ बाईवर संशय जायला लागला होता. मी लॅपटॉप उघडला आणि जे काम महिन्याच्या सुरुवातीला करायला हवं होतं ते केलं. बेरीज सोडून त्यांच्या मूळ नोंदी बघितल्या.

सकाळी ८ वाजून ५२ मिनिटं ११ सेकंद. लगेच खाली ८ वाजून ५२ मिनिटं १५ सेकंद. संध्याकाळीही तसंच, चार सेकंदांच्या अंतराने दोन अंगठे. रोज.

म्हणजे माझ्या क्वेरीनुसार बाई सकाळी यायच्या, चार सेकंद काम करायच्या, निघून जायच्या. संध्याकाळी पुन्हा येऊन चार सेकंद करायच्या. दिवसाला आठ सेकंद.

“आप दो-दो बार अंगूठा क्यों लगाती हैं?” मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

“आपने ही तो बोला था.”

“मैंने?”

“जिस दिन मशीन लगी. स्टूल पे खड़े होके. कहा था, एक बार में भरोसा मत करना, दो बार लगाना.”

शेखावतजी माझ्याकडे वळले. मी छताकडे बघत होतो. पहिल्या दिवशी मशीन अंगठे धड वाचत नव्हती, म्हणून मी सगळ्यांसमोर भाषण ठोकलं होतं खरं. एकाच माणसाचा लागोपाठचा अंगठा मशीनने घेऊ नये, अशी सोय तिच्यात असते. तीही मीच त्या दिवशी बंद केली होती आणि पुन्हा चालू करायची विसरलो होतो. बाकी सगळ्यांनी माझं बोलणं दोन दिवसांत सोडून दिलं. अख्ख्या फॅक्टरीत माझं ऐकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिलाच मी गैरहजर लावलं होतं.

“साब, मेरा नाम कटेगा क्या?” बाईंनी विचारलं. तोपर्यंत त्या एकदाही घाबरलेल्या दिसल्या नव्हत्या.

“नहीं कटेगा,” शेखावतजी म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. “इनका देखते हैं.”

मी क्वेरीत एक अट घातली: त्याच माणसाचा दोन मिनिटांच्या आत आलेला अंगठा मोजायचा नाही. एकच ओळ. रिपोर्ट पुन्हा काढला. कमलादेवी, एकही खाडा नाही, रोज आठ तासांच्या वर. चारला दहा कमी असताना तो कागद मालकांकडे गेला आणि सही झाली.

संध्याकाळी खातीपुऱ्याला घरी पोचल्यावर सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, “बाबा, मतलब चूक तुमचीच होती ना?” बायको म्हणाली, “सूचना द्यायची आणि विसरून जायचं. ऑफिसात पण तेच चालतं का?”

दुसऱ्या दिवशी मी पॅकिंगमध्ये जाऊन माफी मागितली आणि म्हणालो, “कमलाजी, अब से एक ही बार लगाना.”

त्यांनी चिकटपट्टी खाली ठेवली. खोक्याचा एक कोरा पुठ्ठा फाडला आणि माझ्यापुढे धरला.

“लिख के दे दो साब. नीचे साइन भी.”

दिलं. तारीखही घातली. आता नवी क्वेरी लिहिली की बेरीज करण्याआधी दोन-चार माणसांच्या मूळ नोंदी वाचतो. आणि स्टुलावर चढत नाही.