गडग्याच्या दोन बाजूंचा कचरा

कचरा आणि किस्से, दोन्ही रोज साठतात. कचरा न्यायला निदान हातगाडी येते, किस्से मात्र कुणाला तरी ऐकवल्याशिवाय हलत नाहीत. ऐंशीच्या दशकात मी आमच्या नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात कारकून होतो आणि राहायला शेजारच्या ग्रामपंचायतीत. हद्द म्हणजे माझ्या परसाच्या कडेचा गडगा, चिऱ्यावर चिरा रचलेली कुंपणाची भिंत. पलीकडे रिटायर्ड मास्तरीण आक्का, त्या शहरात. अलीकडे मी, गावात. शहराचा नियम असा की परसात खड्डा दिसता कामा नये, सगळं नाक्यावरच्या कुंडीत. गावाचा नियम असा की घरटी एक खतखड्डा हवाच, कुंडी मिळणार नाही. डोकं फिरणार नाही तर काय!

*

एकदा सकाळी मी आक्कांना खड्डा बुजवण्याची नोटीस काढली, शिक्क्यासकट. संध्याकाळी घरी आलो तर माझ्याच नावाची नोटीस, खड्डा न खणल्याबद्दल. बायकोने ती चहाबरोबरच पुढे केली.

"लोकांचे खड्डे बुजवतास आणि आपलो एक खणूक जमना नाय?"

खणणार कुठे? आमच्या परसात वीतभर मातीखाली सरळ जांभा दगड. दोन रविवार घाम गाळला, पहारीचं टोक वाकलं आणि खड्डा झाला तो कोंबडीला बसण्यापुरता.

*

मासळीच्या घाणीवरून आक्कांशी रोज वाद. मी म्हणायचो, ती कुंडीत टाका. त्या ती माडाच्या मुळाशी पुरायच्या. शेवटी मी कलम वाचून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, वहीतल्या चुका काढाव्यात तसं.

"कुंडीत टाकलंय तर मांजर खाता. माडाक घातलंय तर माका नारळ गावतत. तुझ्या नगरपालिकेक कोण जवळचो, मांजर काय मी?"

हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं, सांगा!

*

मग दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकच नियम करण्यासाठी सभा घेतली. नगरपालिकेच्या यादीत 'नारळाची सोडणं', म्हणजे वरची काथ्याची सालं, कचऱ्यात होती. सरपंच उठले आणि त्यांनी विचारलं की ज्याने हे लिहिलंय त्याच्या घरी आंघोळीचं पाणी कशावर तापतं. लिहिलं मीच होतं, आणि पाणी सोडणांवरच तापत होतं. तीन तास चर्चा झाली. शेवटी ठरलं ते एवढंच, की सोडण कचरा आहे की नाही हे पुढच्या सभेत ठरवावं.

*

इथवर हसण्यावारी नेलं. पण मुलगी दहावीत गेली आणि कंदिलावर वाचून तिचे डोळे चुरचुरायला लागले. विजेच्या अर्जाला ग्रामपंचायतीचा दाखला हवा होता. ग्रामसेवक म्हणाले, "खड्डा दाखवा, दाखला घ्या." मी जांभा दाखवला. ते म्हणाले, जांभ्याला नियमात सूट नाही. परीक्षेला चार महिने उरले होते आणि मी सरकारी माणूस असून काही करू शकत नव्हतो. फार लाज वाटली.

त्याच आठवड्यात आक्कांच्या नोटिशीची मुदतही संपत होती.

रविवारी सकाळी दगडांचा आवाज आला म्हणून मी बाहेर गेलो. आमच्याकडे गडगा हातभर सरकला म्हणून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. आणि इथे आक्का दोन गडी लावून स्वतःचाच गडगा उतरवत होत्या! दुपारपर्यंत तो पुन्हा उभा राहिला, त्यांच्या खड्ड्याला वळसा घालून. खड्डा माझ्या बाजूला.

सोमवारी ग्रामसेवक आले, त्यांनी खड्डा मोजला आणि दाखला दिला. ऑफिसात मी आक्कांच्या नावापुढे 'परसात खड्डा नाही' असं लिहिलं. संध्याकाळी त्यांच्या पाया पडायला गेलो तर त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

"चेडवाची परीक्षा होयपर्यंत खड्डो तुझो. खत माझा."