मागच्या सीटवरचा मिस्त्री

“तुम्ही चालवा. मी मागं बसतो.”

गाडी कुणाचीही असो, मिस्त्री एवढंच म्हणायचा. दुसरे मिस्त्री किल्ली घेतात, स्वतः चक्कर मारून येतात आणि सांगतात, गाडीत काही नाही. हा किल्लीला हातच लावायचा नाही. फडक्याला हात पुसायचा, चष्मा काढून खिशात ठेवायचा आणि मागच्या सीटवर चढून डोळे मिटून घ्यायचा. देवाला निघाल्यासारखा.

स्वारगेटहून मार्केट यार्डाकडं येताना एका गल्लीच्या तोंडाशी त्याची पत्र्याची शेड होती. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूनं रोज जात असाल तर पाटी वाचली असेल. नाव नाही, फोन नाही. तेलरंगानं लिहिलेलं एकच वाक्य होतं : ‘तक्रार मागे बसणाऱ्याने सांगावी.’ लोक वाचून हसायचे. मीही हसलो होतो.

माणूस काटकुळा, साठीचा. उन्हाळ्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. हात कोपरापर्यंत काळे, पण नखं स्वच्छ. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “याच हातानं जेवतो ना.” संपलं. जास्त बोलायचा नाही, आणि बोलला तर समोरच्याला लागेल असंच बोलायचा.

एकदा सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारा एक कॉलेजचा पोरगा आला. गाडी म्हणजे नुसतं टोकदार धूड.

“अंकल, पिलियनला जर्क बसतो.”

“मागं कोण बसतं?”

पोरगा आरसा पुसत म्हणाला, “आता कोणी नाही बसत.”

“मग तक्रार कुणाची? ती का बसत नाही ते गाडीला विचारू नकोस. तिला जाऊन विचार.”

पोरगा लाल झाला. मिस्त्रीनं हवा मात्र तपासून दिली.

आता माझं सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस. मार्केट यार्डात छत्तीस वर्षं तोलणार होतो. कांद्या-बटाट्याची पोती काट्यावर घालायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, हे काम. पोतं नुसतं हलवून मी सांगायचो की ह्यात किलोभर कमी आहे, आणि काट्यावर तेवढंच कमी निघायचं. ह्या गोष्टीचा मला लई माज होता.

काम सुटलं आणि त्याच सुमारास जुनी स्कूटरही बसली. बायको म्हणाली, “परत स्कूटरच घ्या, मला चढायला बरी.” मी मोटरसायकल घेतली. तिची साडी, तिचे गुडघे, सीटची उंची हे माझ्या डोक्यात आलं नाही असं म्हणणार होतो. पण खोटं कशाला लिहू? आलं होतं. मी बाजूला सारलं.

पहिल्याच दिवशी गाडीला हार घालून घरी येताना ती मागून म्हणाली, “अहो, ही नवी आहे ना? मग जुन्यासारखी का आपटते?”

मी म्हणालो, “गाडी नवीच आहे. तुझी कंबर जुनी आहे.”

पेट्रोल पंपावर रांगेत होतो आम्ही. दोघंतिघं हसले. तीही हसली. ते वाक्य अजून आमच्या घरात आहे. रिकाम्या घरात असली वाक्यं कोपऱ्यात बसून राहतात, झाडून निघत नाहीत.

आठ दिवसांनी ती म्हणाली, “तुम्ही जा गाडीवर. मी बसनं येते.” तेव्हा मी गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेलो.

“तक्रार कुणाची?”

“बायकोची.”

“मग ती कुठं आहे?”

“घरी. काय असेल ते मी सांगतो ना.”

“तुम्हाला काय माहीत?” असं म्हणून त्यानं चष्मा काढला. “वहिनी कशा बसतात? दोन्हीकडं पाय टाकून?”

“एका बाजूला. साडी असते.”

मिस्त्री एका बाजूला बसला. दोन्ही पाय डावीकडं, माझी भाजीची पिशवी मांडीवर, उजवा हात माझ्या खांद्यावर. अशी आमची वरात स्वारगेटच्या सिग्नलला उभी राहिली. रिक्षावाले बघत होते. सदाशिव पेठेत क्लासच्या पोरी ओरडल्या, “काका, काकूंना हेल्मेट घाला!” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मागचा माणूस मात्र डोळे मिटून बसलेला.

एका स्पीड ब्रेकरवर गाडी आपटली तसा तो म्हणाला, “बायको मागं असताना असं चालवता?”

“असंच चालवतो.”

“किती वर्षं?”

“एकेचाळीस.”

“धन्य आहे बाई,” मिस्त्री म्हणाला.

शेडवर आल्यावर त्यानं निकाल दिला. गाडीत बिघाड काही नव्हता. कारखान्यातून निघताना टायर टम्म भरून देतात, ती हवा शोरूमनं कमीच केली नव्हती. शिवाय मागचे शॉकअप, म्हणजे धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा, सगळ्यात घट्ट घरावर, शेवटच्या खाचेवर होते. “पुढच्याला खड्डा दिसतो,” तो म्हणाला. “तो हँडल धरतो, बूड उचलतो. मागच्याला दिसत नाही, नुसता बसतो. वहिनींचं वजन किती?”

मला माहीत नव्हतं.

“तोलणार ना तुम्ही?” एवढंच म्हणून तो पाना शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. तिनं सांगितलं, “बावन्न.” मिस्त्रीनं आम्हा दोघांना गाडीवर बसवलं. तोलणाराच्या खिशात सुतळी असतेच, ती त्यानं मागून घेतली. एक टोक मागच्या चाकाच्या नटावर धरलं, दुसरं सीटच्या कडेपर्यंत नेलं आणि तिथं गाठ मारली. दोघं बसल्यावर गाडी किती दबते त्याचं हे माप. शॉकअप दोन घरं सैल केले, हवा कमी केली, परत मापलं, पहिली गाठ सोडून नवी मारली आणि सुतळी खिळ्याला टांगली.

“आता ही गाडी तुमच्या दोघांची,” तो तिला म्हणाला. “एकटे गेले तर ह्यांना आपटेल. आपटू द्या.”

ती पदर तोंडाला लावून हसली. त्या संध्याकाळी आम्ही सारसबागेपर्यंत गेलो. माझी सवय होती, निघताना विचारायचं, “बसलीस?” ती माझ्या खांद्यावर दोनदा थोपटायची. मग गियर टाकायचा. त्या दिवशी थोपटून म्हणाली, “गाडीला वळण लावलं बाई मिस्त्रीनं. तुम्हाला पण लावलं असतं तर.”

पाचेक महिने गुण्यागोविंदानं गेले. मग ती परत म्हणायला लागली, “आपटतेय हो. कमरेत जातं.”

मी वैतागून तिला मिस्त्रीकडं नेलं. त्यानं हवा पाहिली, ठीक. शॉकअप पाहिले, जिथल्या तिथं. मग खिळ्यावरची सुतळी काढली. म्हणाला, “बसा दोघं.”

सुतळी लावली आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला. दोनदा लावली, तीनदा लावली. मग दुसरी गाठ मारली. मला खाली बोलावून दाखवलं. पहिल्या गाठीच्या पुढं अर्ध्या बोटावर नवी गाठ. गाडी पूर्वीएवढी दबत नव्हती.

“स्प्रिंग खराब?” मी विचारलं.

तो हळू बोलला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. “स्प्रिंग तीच आहे. तुम्ही तेवढेच आहात. वहिनी कमी झाल्यात. गाडी नका दाखवू आता. त्यांना दाखवा.”

मला राग आला. मला, तोलणाराला, हा सुतळीनं वजन शिकवतोय! मी म्हणालो, “मिस्त्री, तुम्ही गाडीचं बघा. माणसांचं आम्ही बघतो.”

त्यानं फडक्याला हात पुसले. पैसे घेतले नाहीत.

वाटेत मी तिला विचारलं, “तुला काही होतंय का?” ती म्हणाली, “पित्त आहे हो. जेवण जात नाही एवढंच.” मला तेवढं पुरलं. पुरवून घेतलं म्हणा.

पुढचे दोन महिने मी गाडी दुरुस्त करत होतो. दुसऱ्या गॅरेजात नेली. सीटचा फोम बदलला. तिला पाय ठेवायला रुंद पट्टी बसवली. पाठीला टेकू बसवला. दर वेळी तिला बसवून विचारायचो, “आता?” आणि ती म्हणायची, “आता जरा बरं आहे.” मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होती. कळत होतं का मला? वाचणाऱ्यांनो, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर मी रोज वेगळं उत्तर देतो.

एके दिवशी तिला पाय उचलून त्या पट्टीवर ठेवता येईना. मग रिक्षा केली.

दवाखान्यात नर्सनं तिला वजनकाट्यावर उभं केलं. नर्सच्या हातात फायली होत्या. म्हणाली, “काका, किती दाखवतंय बघा हो.” छत्तीस वर्षं काट्यावरचा आकडा मी आख्ख्या गाळ्याला ऐकू जाईल असा ओरडलो. त्या दिवशी बेचाळीस हा आकडा माझ्या तोंडून निघेना. बायकोच खाली वाकून बघत म्हणाली, “बेचाळीस लिहा, ताई.”

आजार पोटातून मणक्यात गेला होता. मी डॉक्टरला विचारलं, दोन महिने आधी आणली असती तर? डॉक्टर भला माणूस. त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, आणि म्हणाला, “ते आता नका मोजू.”

पावसाळा संपायच्या आत ती गेली.

गाडी महिनाभर झाकून ठेवली. मग एक दिवस काढली आणि गाडी आपटायला लागली. रस्ता तोच, हवा बरोबर, तरी प्रत्येक खड्डा पाठीत. मी मिस्त्रीच्या शेडसमोर जाऊन उभा राहिलो. वाटलं, हा आता बोलणार. बोलावं असंच वाटत होतं. चारचौघांत बोलला असता तरी चाललं असतं.

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं, मागच्या सीटकडं पाहिलं. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. त्यानं हात पुसले. पण चष्मा काढला नाही. हात पुढं करून म्हणाला, “किल्ली द्या. मी चालवतो. तुम्ही मागं बसा.”

मी माझ्या गाडीवर मागं कधी बसलो नव्हतो. जुन्या स्कूटरवरही नाही. एका बाजूला बसलो, ती बसायची तसा. का ते माहीत नाही, दुसरं सुचलंच नाही. मिस्त्री त्याच रस्त्यानं निघाला, स्वारगेटवरून सदाशिव पेठेत. ह्या वेळी कोणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

मागून काही दिसत नाही. हे वाचणाऱ्या सगळ्यांनी एकदा मागं बसून बघा. समोर फक्त पाठ असते. गाडी कधी वळणार, कधी थांबणार, पुढं खड्डा आहे का, काही कळत नाही. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याच्यावर सोडून द्यायचं. एकेचाळीस वर्षं तिनं माझी पाठ बघितली.

तो स्पीड ब्रेकर आला. मिस्त्रीनं गाडी इतकी हळू केली की चाक चढताना आणि उतरताना वेगवेगळं कळलं. आपटली नाही. मी त्याच्या स्वेटरला डोकं टेकलं आणि रडलो. तो नुसती गाडी चालवत राहिला, आणखी दोन गल्ल्या जास्तीच्या फिरवून आणली.

शेडवर उतरल्यावर म्हणाला, “एकट्याच्या वजनाला लावून देऊ? दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको.”

“आपटेल.”

“आपटू द्या.”

त्यानं मान हलवली. खिळ्यावरची सुतळी काढून माझ्या हातात दिली, दोन गाठींसकट.

त्यानंतर मी फार वेळा त्या बाजूला गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि ओढही होती. दिवाळीनंतर गेलो तर शेडच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली. शेजारच्या चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, “मिस्त्री ना? वारले की. तुम्हाला नाही कळलं?”

“घर कुठं त्यांचं?”

चहावाल्याला माहीत नव्हतं. नावही पक्कं माहीत नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. पाटी मात्र गटाराच्या कडेला उलटी पडली होती, त्यावर पाय ठेवून लोक चहा पीत होते. मी ती उचलून पुसली आणि भिंतीला सुलटी टेकवून ठेवली. परवा पाहिलं तर नव्हती.

सुतळी माझ्या वरच्या खिशात असते. अर्धं बोट अंतर. मापायला काट्याची गरज नाही, अंगठ्यालाच कळतं.

गाडी मी अजून चालवतो. निघताना तोंडातून जातंच, “बसलीस?” मग खांद्याकडं लक्ष लावून जरा थांबतो. स्पीड ब्रेकर आला की तसाच वेग कमी करतो, चाक चढताना वेगळं, उतरताना वेगळं. पाठीमागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. एखादा पुढं काढता काढता ओरडतो, “आजोबा, झोपलात काय?”

मी त्याला पुढं जाऊ देतो. त्याच्या हातात हँडल आहे, त्याला खड्डा दिसतो. त्याला काय कळणार?