वाकडी रेघ

शेजारच्या दारातली रांगोळी बघत मी मघापासून उभा आहे. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, रेघा वाकड्या येऊ लागल्या तेव्हा मी म्हणालो होतो, “ठिपके झिंगलेत वाटतं.”

“चष्मा बदला तुमचा,” ती म्हणाली.

मी शहाणा, खरंच बदलून आलो. रेघा आणखीच वाकड्या दिसल्या. पुढे डॉक्टर म्हणाले, पोटातल्या छुप्या कॅन्सरशी लढताना शरीराने चुकून मेंदूतल्या तोल सांभाळणाऱ्या भागावरच हल्ला केलाय. असं फार क्वचित होतं.

मग मी तिचं मनगट धरायचो आणि आम्ही दोघं मिळून एक रेघ ओढायचो. “हात हलवू नका हो,” ती मलाच दटावायची.

ती गेली. तेवढं दटावणं पुन्हा ऐकू आलं असतं, तर मी रोज मुद्दाम हात हलवला असता.